सही करायचा हात

ग्लेंडाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली ती माझ्या एका फोनमुळे. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्या फोनचा उल्लेख आला नाही. त्यांनी विचारलंच नाही.

ओहायोतल्या आमच्या गावात मी टायटल ऑफिसात काम करते. विकायच्या घरावर कुणाचा दावा नाही ना, हे कोर्टातले कागद चाळून बघायचं, घेणाऱ्याला मालकीहक्काचा विमा काढून द्यायचा आणि दोघांना टेबलाशी बसवून सह्या घ्यायच्या. विकणाऱ्याची याच विम्याची जुनी पॉलिसी दहा वर्षांच्या आतली असेल आणि सह्यांआधी आमच्या हातात पडली, तर नव्या माणसाला या विम्यात बरीच सवलत मिळते. मागितली नाही तर कुणी आपण होऊन देत नाही. मी मात्र मागे लागून मिळवून देते. आमचे साहेब हार्लन म्हणायचे, बाळंतपणानंतर ही सगळ्या गावाची आई झालीय.

घर घेणारी कोलीन ड्रॅव्हेकी सातव्या महिन्यात होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. बँकेने ऐनवेळी तिने रोख भरायचा आकडा वाढवला, तर हिने दुकानात जाऊन नवा कोरा पाळणा परत केला. पाळण्याचं ऐकलं आणि मी ठरवलं, हिला सवलत मिळवून द्यायचीच.

म्हणून मी घर विकणाऱ्या ग्लेंडा प्रूइटला जुनी पॉलिसी मागितली. ती म्हणाली, ते सगळं वेसच्या गॅरेजमध्ये आहे, राहू दे, त्याच्याकडे काही मागू नकोस. वेस तिचा घटस्फोटित नवरा. मला वाटलं, नेहमीचा कडवटपणा. त्यांच्या घटस्फोटाची फाइल मी आधीच वाचली होती. घर एकट्या ग्लेंडाच्या नावावर, वेसचा हक्क शून्य. पुढच्या पानावर वेसने तिच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा आदेश होता. त्या आदेशाने घराच्या मालकीला काही बाधा येत नव्हती. मी पान उलटलं.

सामानाच्या खोलीत दार लावून लेकीसाठी दूध काढत बसले असताना मी वेसला फोन लावला. आवाज इतका मऊ, की मला आपलं उगीचच हायसं वाटलं. देतो की, म्हणाला, कधीपर्यंत हवी? मी म्हटलं, गुरुवारी दोनला सह्या आहेत, त्याच्या आत. तो म्हणाला, पोस्टाचा काही भरवसा नाही, मीच आणून देतो. मी दोनदा आभार मानले.

गुरुवारी ग्लेंडा केस बारीक कापून आली. सह्या झाल्या की गाडीतल्या सामानासकट गाव सोडणार होती. कुठे जाणार ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. दाराकडे पाठ करून ती कोलीन आणि हार्लनसमोर बसली आणि दुसऱ्या कागदावर सही करत होती, तेव्हा वेस आला. टोपी काढून मला नमस्कार केला, पिवळा लिफाफा दिला. ग्लेंडाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिचं पेन थांबलं, एवढंच. ते मी पाहिलं आणि तरी लिफाफा उघडत झेरॉक्सच्या खोलीत गेले. पॉलिसी आठ वर्षांपूर्वीची. आनंदाने मी तिथूनच ओरडले, "कोलीन, मिळाली गं सवलत."

उत्तरादाखल धप्प असा आवाज आला. फळीवरून पिठाची गोणी पडावी तसा.

बाहेर आले तेव्हा त्याने तिचं तोंड टेबलावर आपटलेलं होतं. खरेदीखतावर रक्ताचा ओघळ. एका हाताने तिचं मनगट टेबलावर दाबून धरलेलं, दुसऱ्या हातात आमचं तीन भोकं पाडायचं लोखंडी पंच मशीन. तो ते तिच्या बोटांवर घालत होता, खिळा ठोकावा तसं, घाई न करता.

"माझं घर विकतेस?" तो म्हणाला. "कर सही. कर ना."

ग्लेंडा ओरडत नव्हती. तिला सवय होती, हे मला तेव्हा कळलं.

हार्लन मधे पडले, तर त्याने त्यांना कोपराने ढकललं. ते खुर्चीसकट खाली पडले. कोलीनने कॉफीचं गरम भांडं त्याच्या मानेवर फेकलं. तो वळला आणि त्याने तिच्या खांद्यावर मशीन हाणलं. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं.

मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि त्याच्या कानामागे घातलं. तो कोसळला. मग आणखी एकदा घातलं. दुसऱ्या घावाची काही गरज नव्हती. माझ्या ब्लाउजवर दूध पाझरलं होतं आणि मला तिसरा घालायचा होता. हार्लननी जमिनीवरूनच माझा पाय धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन इस्पितळात गेले. कोलीनचं बाळ सुखरूप होतं. वेस सोमवारी जामिनावर सुटेल, असं ग्लेंडाच्या वकिलाने सांगितलं होतं. सह्या त्याआधी व्हायला हव्या होत्या, नाहीतर ग्लेंडाकडे गावातून निघायला पैसे नव्हते.

नियमाप्रमाणे मला विचारावंच लागतं, म्हणून विचारलं, की स्वखुशीने सही करताय ना? ती हसायला गेली, तर ओठाचे टाके ताणले गेले. पेन डाव्या हातात धरून ती पहिलीतल्या मुलीसारखी एकेक अक्षर काढू लागली.

मी सांगून टाकलं, "त्याला फोन मी केला होता. वेळही मीच सांगितली."

तिने हातातलं अक्षर पूर्ण केलं. "मी त्या पोटुशीला शिव्या देत होते," ती म्हणाली. "वाटलं, तिनेच सांगितलं. चार पैसे वाचवायला."

"पैसे तिचे वाचले. चूक माझी."

"किती वाचले?"

"चारशे साठ डॉलर."

ती आपल्या बँडेजकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कागद फेकून देईल. तिने पुढचा कागद ओढला. त्यावर विकणाऱ्याचा नवा पत्ता लिहायचा रकाना होता.

"इथे काय?"

"ऑफिसचा पत्ता लिहू. तुमची पत्रं येतील ती मी पुढे पाठवीन."

"कुठे पाठवशील?" ती म्हणाली. "तुला कोण सांगणार आहे?"

मी मान खाली घालून रकान्यात आमच्या ऑफिसचा पत्ता लिहिला. तिने तो दोनदा वाचला, मग खाली सही केली.