लाँड्रीतलं वय

धाकटीला एकवीस तारखेला, सकाळी सव्वाअकराला, सरकारी गाडीतून नेलं. गाडीत बसल्यावर तिनं आपला पट्टा आपणच लावला आणि शेजारच्या बाईंनाही त्यांचा लावायला सांगितला.

आता हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. ताई तसंच धरून चालली आहे. आज बावीस तारीख. तिनं सकाळी दोन अंडी उकडली, दोन पेल्यांत दूध ओतलं आणि दात घासायला किती वेळ लावतेस गं, म्हणून मोरीच्या दाराकडे तोंड करून ओरडली. तेव्हा आपणही मागे जाऊन, घरात तिघी होत्या तिथून सुरुवात करू.

तिघी म्हणजे आई, ताई आणि धाकटी. वडील फक्त फॉर्मातल्या रकान्यात होते, आणि तिथेही त्यांच्या जागी रेघ होती. आई आणि ताई एकाच लाँड्रीत कामाला. तिथे दवाखान्यांच्या चादरी येत. दिवसाला दोन हजार, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या कुणाच्या तरी अंगाखालून निघालेल्या. कायद्यानं सोळाव्या वर्षी घड्या घालता येतात, पण चादरी सुकवणाऱ्या गरम रोलरपाशी उभं राहायला अठरा पूर्ण लागतात. रोलरला हा कायदा ठाऊक नव्हता आणि माणसं कायम कमी पडायची. म्हणून लाँड्रीतल्या प्रत्येक पोराला दोन वयं असत, एक घरचं आणि एक लाँड्रीतलं. ताई घरी सतरा वर्षांची होती आणि कामावर एकोणीसची. सोळाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा तिचं कार्ड आईनंच भरलं होतं, चांगल्या वळणदार अक्षरात. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. कार्डं लाँड्रीच्या दाराशी खणात राहायची. सुटताना एप्रन खुंटीला आणि वय खणात ठेवायचं, की आपण मोकळे.

तीन तारखेला दुपारच्या पाळीत दोघी एका मोठ्या चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं आईकडे, दोन ताईकडे. मध्येच आई टोकं न सोडता खाली बसली. ताईला वाटलं आपण जास्तच ओढलं, म्हणून तिनं आपली बाजू सैल केली. एरवी आई म्हणाली असती, ताण धर गं, झोपलीस का. ती काहीच म्हणाली नाही. पुढेही नाही.

ताईला अठरा पूर्ण व्हायला तेव्हा एकोणीस दिवस बाकी होते.

पालकत्वाच्या कचेरीत भिंतीवर वयांचा तक्ता होता. बाराव्या वर्षी गुन्ह्याची जबाबदारी घेता येते. पंधराव्या वर्षी आपलं दप्तर सोडून कामाला लागता येतं. सोळाव्या वर्षी स्वतःच्या ऑपरेशनला होकार देता येतो, सतराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवता येतो. धाकट्या बहिणीला जवळ ठेवायला अठरा लागतात, आणि तेही पालक ज्या दिवशी वारले त्या दिवशी पूर्ण झालेली असावी लागतात. ताईनं तक्ता दोनदा वाचला. ट्रॅक्टर तिला नको होता.

टेबलामागे स्टेपलरवाल्या बाई होत्या. कुणी रडू लागलं की त्या स्टेपलर उचलत आणि समोरचा कागद कशाला तरी टाचत. त्यांनी धाकटीला काही विचारलं नाही, कारण मुलाचं मत नोंदवायचं वय सात होतं आणि तिला सहा वर्षं दहा महिने झाले होते. धाकटीनं तरी सांगून टाकलं की ती ताईबरोबरच राहणार. बाई म्हणाल्या, हे लिहिता येत नाही गं. मग सात झाल्यावर येऊन सांगते, असं म्हणून ती खुर्चीखाली बूट बांधायला उतरली. बाईंनी स्टेपलर उचलला, पण टाचायला काही सापडेना.

थोड्या वेळानं त्यांनी ताईला जवळ बोलावून आवाज खाली आणला. साहेब फाइलचं फक्त पहिलं पान बघतात, त्यावर आजचं वय असतं. आई गेल्याची तारीख दुसऱ्या पानावर. गेल्या नऊ वर्षांत साहेबांनी पान उलटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"माझ्या ड्रॉवरमध्ये फाइल तेवढे दिवस सहज हरवते," बाई म्हणाल्या. "बावीस तारखेला सापडेल. तोवर तू इकडे फिरकू नकोस, कुणाला काही बोलू नकोस."

ताई कुणाला काही बोलली नाही, तिथेच घात झाला. कारण लाँड्रीत बातमी पोचली ती एवढीच, की ताई लहान म्हणून धाकटीला नेणार आहेत. ती इस्त्रीकाकांनी ऐकली. काका तीस वर्षं रोलरवर होते, त्यांच्या हातांवर केस उरले नव्हते. ताईला काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि तिची आई गेल्यापासून चादरीची दुसरी बाजू ते धरायचे. ते सगळ्यांना म्हणाले, कचेरीवाले काय आंधळे आहेत का, पोरगी चांगली एकोणीसची आहे, मी रोज बघतो. तीस वर्षांत त्यांना दुसऱ्या वयाचा विसरच पडला होता. वीस तारखेला त्यांनी अर्धी सुट्टी टाकली, लग्नाला घालायचा कोट चढवला, खणातून ताईचं कार्ड घेतलं आणि थेट कचेरी गाठली. एवढं महत्त्वाचं काम टेबलावरच्या बाईंकडे कशाला द्यायचं, म्हणून ते सरळ साहेबांकडे गेले.

साहेबांनी फाइल मागवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पान उलटलं.

ताई धावत पोचली तेव्हा काका कोट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. बाईंनी कार्ड आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवला.

"कार्ड खरं असेल तर दाखला खोटा. दाखला खरा असेल तर कार्ड खोटं. खोट्या कागदाला जबाबदार धरायचं वय बारा."

"कार्ड आईनं भरलं होतं."

"सही तुझी आहे."

"तेव्हा मी सोळाची होते, बाई."

"म्हणजे चार वर्षं जास्तच झाली की," बाई म्हणाल्या, आणि स्टेपलर उचलून त्यांनी दोन्ही कागद एकमेकांना टाचले. ज्याची चौकशी चालू आहे त्याला पालक होता येत नाही, वय कितीही असो. चौकशी किती दिवस चालते असं ताईनं विचारलं. बाई म्हणाल्या, एक परवाच संपली. ज्याची होती त्याला आता नातवंडं आहेत.

काका उठले. "मला धरा ना, बाई. मी एकसष्टचा आहे. सगळ्याला पुरतो."

पण काका नात्यातले नव्हते. ते फक्त चादरीच्या दुसऱ्या बाजूला होते, आणि तेवढ्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा वाजता जे झालं नाही, ते झालं नाही. धाकटीनं आपली पिशवी भरली नाही, आणि टूथब्रश राहिला म्हणून ती जिन्यातून परत आली नाही. सातची झाले की येऊन सांगते, लक्षात ठेव, असं ती गाडीच्या खिडकीतून म्हणाली नाही.

आज ताईनं एक अंडं खाल्लं. दुसरं ताटलीत राहिलं. मोरीतून कुणी आलं नाही. तिनं दार उघडून पाहिलं. आत काचेच्या पेल्यात एकच ब्रश होता. मग ती दुसऱ्या पेल्यातलं दूधही उभ्यानं प्याली आणि कचेरीत गेली. खिडकीतल्या माणसानं वय विचारलं. अठरा पूर्ण, आजच, असं ती म्हणाली. म्हणजे आता तुम्हाला स्वतःच्या सहीनं अर्ज करता येतो, असं सांगून त्यानं एक कोरा कागद सरकवला. तिला पहिल्यांदाच कुणी अहो-जाहो केलं होतं. तिनं उभ्याउभ्याच, आईसारख्या वळणदार अक्षरात लिहिलं:

महोदय, माझी आई चालू महिन्याच्या तीन तारखेला मरण पावली. त्या दिवशी अर्जदाराचे वय सतरा वर्षे, अकरा महिने व बारा दिवस होते. सबब, आईच्या मृत्यूस एकोणीस दिवसांची मुदतवाढ मिळावी. त्या काळात तिला कामावर येण्याची सक्ती करू नये. घड्यांचे काम अर्जदार एकटी उरकेल. मंजुरीचा आदेश धाकटी बहीण सात वर्षांची होण्यापूर्वी द्यावा, ही विनंती.