आठ ढिगांची धाव

जळकोटच्या ईरण्णाची पेटी बांधून तयार होती, पण त्याचे वडील महालिंगप्पा ऐकायला तयार नव्हते. "तीन सालं हैदराबादेत उर्दूतून गणित घोकलास. फायदा काय त्याचा? आता दुकानात बस." त्यांनी एकदा न्हाय म्हटलं की देव खाली उतरला तरी न्हायच. शेवटचं वर्ष हुकणार, या विचारानं ईरण्णाला घास गोड लागत नव्हता.

त्या सकाळी त्यांची ज्वारीची बैलगाडी उमरग्याला निघायची, तर चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल. बिभीषण लोहारानं ती कापून, जोडून जमिनीवर आडवी मांडली. आता ती तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. पण अवकाळी पावसानं निम्म्या गोवऱ्या भिजवलेल्या. उरलेल्या सगळीकडं पसरल्या, तर पातळ थर पेट घेईना. बिभीषण त्या एकाच बाजूला रचू लागला.

"लोखंडच हाय. हिकडं तापलं की तिकडं पोचतंय."

"कवा?" म्हणत ईरण्णानं काडीनं मातीत आकडे मांडले. हरारतीचं, म्हणजे उष्णतेचं, हे समीकरण त्यानं कॉलेजात अशाच कड्यासाठी सोडवलं होतं. "साडेपाच तास लागतील."

बिभीषण पोट धरून हसला. "तवर चिलीम ओढू!"

"अन् तशीच बसवली तर चाकाचे निम्मे लाकडी सांधे उघडे ऱ्हातील," महालिंगप्पा करवादले. "हेच का तुझं गणित?"

ईरण्णाचे कान लाल झाले. समीकरण काही बदलणार नव्हतं. सुरुवात, म्हणजे आग कुठं लावायची ते, मात्र आपल्या हातात होती. त्यानं आकडे पुसले, पुन्हा मांडले.

"बिभीषणकाका, एकाचे आठ ढीग करा, सारख्या अंतरावर. उष्णतेची वाट आठपट कमी झाली की वेळ तिच्या वर्गानं घटतो, आठ आठे चौसष्टपट कमी. गोवऱ्या जळून झाल्या की धाव राखेत झाका, पाच मिनिटं थांबा."

आधी धावेवर आठच लाल पट्टे दिसले. महालिंगप्पांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. पाच मिनिटांनी राख सारली, तर धाव सगळीकडून एकाच रंगाची! चाकावर बसवून पाणी ओतलं आणि सांधे करकरत मिटले. बिभीषणानं भोवतीनं हातोडी वाजवली. आवाज कुठंच बदलला नाही; धाव सगळीकडं सारखीच घट्ट बसली होती.

महालिंगप्पांनी एकेक सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तडक घरात गेले. ईरण्णाचा जीव टांगणीला लागला.

ते आले ते त्याची पेटी खांद्यावर घेऊन. ज्वारीच्या पोत्यांवर ती ठेवत म्हणाले, "चढ वर. उमरग्याहून हैदराबादची मोटार उद्या सकाळी सुटते. अन् येताना ओल्या गोवऱ्यांचं बी कायतरी शिकून ये!"