घरी बसलेला ड्रायव्हर

“मी इथे नाही, तर हे डास चावतायत कुणाला?” बसच्या खिडकीतून ड्रायव्हर नांदवा पुटपुटला.

“हळू बोल,” शाळेच्या स्वयंपाकघरातून मी म्हटलं. “कुणी ऐकलं तर पंचाईत.”

काकामेगा गावातल्या आमच्या शाळेत ड्रायव्हरला पगार मिळतो तो चाकं फिरतील तेवढाच. सकाळी मुलं उतरली की तो घरी जातो, शाळा सुटताना परत येतो, असा नियम आहे. घर त्याचं पार शेवटच्या थांब्यापाशी. रिकामी बस न्यायची नाही, डिझेल जळतं. मग बसतो बिचारा बसमध्येच. थांबण्याचेही पैसे द्या म्हणून तो हेडबाई आंबेत्साबाईंकडे गेला; त्याच्या लेकीची फी थकली होती. त्या म्हणाल्या, “थांबलेला कुणी पाहिला तर देऊ.”

तेव्हापासून त्याला कुणी पाहत नाही; पाहिलं म्हणायचं तर शाळेला पैसे मोजावे लागतील आणि वरचे चिडतील. मास्तरमंडळी बसला टेकून गप्पा मारतात, पाठ त्याच्याकडे. मी मका-घेवड्याची गिथेरी बॉनेटवर ठेवते, मांजरासाठी. मांजर वर मीठ मागतं.

त्या दिवशी नेमकी शाळेचे चेअरमन लुस्वेटीसाहेब यांची गाडी फाटकातच चिखलात रुतली.

“बसने ओढा! ड्रायव्हर कुठाय?” साहेब ओरडले.

“घरी!” आम्ही सगळे एका सुरात.

नांदवा घास चावत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने आभाळाकडे. नियम त्यांचाच ना.

“मग फोन लावा त्याला.”

बाईंनी लावला. बसमध्ये वाजला. नांदवाने आधी हात पुसले.

“बोला मॅडम. जेवतोय.”

“ताबडतोब ये.”

“निघतोच. पायी यायचं म्हणजे शाळा सुटेपर्यंत पोचेन.”

“अरे, जरा लवकर!”

“घरून लवकर कसा येऊ, मॅडम? तुम्हीच सांगा.”

गाडीचं मागचं चाक आणखी खाली गेलं. साहेबांचा एक बूटही गेला. “मंत्री वाट बघतायत माझी! करा काहीतरी!”

मास्तर आपापल्या चपला न्याहाळू लागले. मीही पळी हातात घेऊन उगाच उभी राहिले. नांदवाने फोन कानाला तसाच धरला होता.

बाईंनी आपला फोन खाली घेतला.

“तो घरी नाहीये, साहेब,” त्या म्हणाल्या. “इथेच आहे. रोज दिवसभर इथेच असतो. मी पाहते ना.”