विचारायची गरज नाही

पिवळी चिठ्ठी, तिच्यावर निळ्या पेनानं काढलेलं हसरं तोंड आणि खाली — ‘घ्या, वापरा, परत ठेवा. विचारायची गरज नाही.’ जिन्याखालच्या कोऱ्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर चिकटवलेली... रोज येताजाता ती हे वाचते, आजही तिची कानशिलं तापलीच. शिडी ठेवणारा चौथ्या मजल्यावरचा तो चष्मेवाला, राहायला येऊन महिना नाही झाला आणि अख्ख्या बिल्डिंगचा लाडका!

इतकी वर्षं शिडी आमची होती. म्हणजे बाबांची, लाकडी, एक पाय आखूड, त्यामुळे कुणीतरी धरायला लागायचंच — आणि धरायला मी! बेल वाजायची, “बाबा आहेत का गं? जरा शिडी...” मग बाबा आधी बसवणार, चहा पाजणार, बल्ब कुठला आणलात विचारणार, तो चुकीचाच कसा हे समजावणार... अर्ध्या तासानं शिडी. काय धमाल यायची! शिडी मागायला येणाऱ्यांनाही येत असणार. असणारच ना?

या महिन्यात बेल एकदाही नाही. बाबा मात्र संध्याकाळी दार किलकिलं ठेवून बसतात.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई बल्ब घेऊन खाली आल्या, सरळ त्या शिडीला हात.

“ताई, आमची घ्या ना! बाबा घरीच आहेत.”

“नको बाई,” ताई हसल्या, “एका बल्बसाठी तुझ्या बाबांना मुलाखत कोण देणार!” मग तिचा चेहरा बघून, “अगं, चांगलेच आहेत ते. पण ड्यूटीवरून आलं ना, की बोलायचंसुद्धा त्राण नसतं गं.”

तीही हसली. वेड्यासारखी. आणि न सांगताच शिडीचं दुसरं टोक धरून वर गेली.

ताई चढल्या. हिचे हात आपोआप दांड्यांवर.

“सोड गं, ही नाही हलत.”

नाहीच हलत... मेली कशी ठाम उभी आहे, त्या चष्मेवाल्यासारखीच, कुणावाचून काही अडत नाही अशी. एकदा डुगडुगू दे ना, एकदाच, जरासं — ताई ओरडतील, “धर, धर!” आणि मी धरीन, सगळ्यांना सांगतील त्या, बरं झालं ही होती म्हणून...

ताईंचं सगळं लक्ष वर, होल्डरकडे. आणि तिला एकदम जाणवलं — आपले हात धरत नाहीयेत. कधीपासून, अगदी हळू, ढकलतायत.