चाचणीची दौड

खोगिराच्या रिकिबीचा कातडी पट्टा एका जागी चिरत आला होता... बिरू त्या चिरेवरून अंगठा फिरवत राहिला. घोडी तयार होती, पंच तयार होते — खोळंबा होता तो त्याचाच. पोलीस ॲक्शननंतर निजामाची पलटण गेली, छावणीतले तबेले ओस पडले, पण माळावरच्या शर्यतीचा नियम टिकून राहिला : दुखापतीनं बसलेल्या घोड्यानं आधी पंचांसमोर चाचणीची दौड काढायची; तीत पास झालं तरच शर्यतीत नाव.

गेल्या साली ही घोडी, मोरणी, वळणावर कोसळली ती बिरूला घेऊनच. तिचा पाय, त्याच्या बरगड्या. दोघंही बरी झाली असं सगळे म्हणत, आणि तो मान हलवी.

“जमंल नव्हं, बिरू?” पिशोरहून आलेल्या नानासाहेबांनी, घोडीच्या मालकांनी, विचारलं.

“व्हय, मालक.”

घोडी सुटली. कानांत वारा, मांडीखाली तिचा ओळखीचा ताल — आणि मग वळण जवळ येऊ लागलं, तशी तोंडात तीच जुनी माती, बायको बानाबाई चमच्यानं पेज भरवताना म्हणाली होती ते, आता बास करा... घोडीचा डावा पाय अडखळला. अडखळला ना? मला वाटलं, अडखळला. हातांनी लगाम कधीच खेचला होता.

पंच बद्रीनाथ चालत आले, वाकून तिचा पाय चाचपला. “गरम नाय, सूज नाय. काय झालं?”

“लंगडली.”

“आमाला तर दिसलं नाय.”

“मला खालून कळलं.”

“मग औंदा नाव नाय,” बद्रीनाथ म्हणाले. “वर बसणाराचा शब्द मोडता येत नाय.”

नानासाहेब बराच वेळ घोडीची मान थोपटत उभे राहिले. वर्षभर त्यांनी तिला हातानं चारा घातला होता. मग म्हणाले, “बरं झालं तुला उमगलं. नायतर जीव गेला असता तिचा.”

बिरू तिला पायी घेऊन निघाला. मागून टापा येत होत्या, सरळ, एकसारख्या. पंच अजून लिंबाखालीच बसले होते. परत फिरून खरं सांगता आलं असतं. आता लाज वाटेल, म्हणून तो चालता चालता वाट पाहत राहिला... पण अंगभर पसरत गेली ती नुसती झोप, कितीतरी महिन्यांत न आलेली.