तेलातलं पाणी

ट्रक गॅरेजच्या दारात येऊन थांबला, इंजिन बंद झालं, तरी गुणगुण चालूच राहिली. वहिनीला वाटलं, पंख्याचा पट्टा अजून फिरतोय की काय. ती हात पुसत बाहेर आली आणि जागीच थबकली. ट्रकवर जाळीखाली लाकडी पेट्या रचलेल्या होत्या आणि आवाज त्यांच्यातून येत होता.

"घाबरू नका, दारं बंद आहेत त्यांची," केबिनमधून उतरत एक उंच, किडकिडीत माणूस म्हणाला. "मधमाश्या आहेत. फुलांवर नेतोय. उस्ताद कुठे भेटतील?"

उस्ताद म्हणजे वहिनीचे सासरे. उभं आयुष्य त्यांनी इंजिनांत घातलं होतं. इतर गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या लोक ओढत त्यांच्याकडे आणत. अलीकडे मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता, आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावायला तयार नव्हते. तेव्हापासून वहिनी गॅरेजात येऊ लागली. आधी ती त्यांना फक्त मापं वाचून दाखवायची. मग नट सैल करून द्यायला लागली. मग कधी सगळं कामच तिच्या हातात आलं ते दोघांनाही कळलं नाही. तिचा नवरा बस चालवायचा, पण बॉनेट उघडायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. "आमच्या घरात मेकॅनिक जन्माला यायचा, तो वाट चुकून सून होऊन आला," असं उस्ताद चारचौघांत कौतुकानं सांगत. निदान मात्र त्यांचंच असे. नाडी त्यांनी बघायची आणि औषध तिनं द्यायचं, असा शिरस्ता पडून गेला होता.

मधवाल्यानं आपली रडकथा सांगितली. गेले काही दिवस रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. खाली थेंब नाही, पाइप ओले नाहीत, तरी टाकी रिकामी. आज घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं तेलाचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मान हलवली. "म्हणाला, ब्लॉक फुटलाय, इंजिन गेलं. दुसरं बघा." सांगता सांगता त्यानं पेट्यांकडे बघितलं. "इंजिन गेलं तर या पेट्या कशा न्यायच्या? उन्हात बंद राहिल्या तर आतल्या आत उकडून मरतील."

"मग आधी त्या उतरवा," वहिनी म्हणाली. "इंजिन कुठे पळून जात नाही."

गॅरेजच्या मागे रिकामी जागा होती. तिथल्या झाडांच्या सावलीत दोघांनी मिळून पेट्या मांडल्या. मधवाल्यानं त्यांची दारं उघडली, परातींत पाणी ठेवलं, त्यात माश्यांना बसायला खडे टाकले. उस्ताद काठी टेकत बघायला आले. "मला नाही चावायच्या. माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो," असं ते छातीठोकपणे म्हणाले आणि दुसऱ्याच मिनिटाला कान धरून आत पळाले.

कान चोळत चोळतच त्यांनी ट्रकची नाडी बघितली. वहिनीनं तेलाचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. झाकणाच्या आतून जाडसर, दुधाळ साय धरली होती. दूध जास्त झालेल्या चहासारखा तिचा रंग होता. उस्तादांनी ती बोटांत चोळली, हुंगली.

"हेड गॅस्केट गेलंय," ते म्हणाले. "किंवा हेडला चीर. उतरव हेड."

वहिनी ट्रकखाली सरकली आणि इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा बोल्ट तिनं जेमतेम सैल केला. गाडी बराच वेळ उभी होती, त्यामुळे जड ते खाली बसलं असणार. झालंही तसंच. आधी हिरवट पाण्याची धार आली, आणि तिच्यामागून ते दुधाळ तेल. म्हणजे ही नुसती दमट हवेनं झाकणाला धरलेली साय नव्हती. रेडिएटरचं पाणी खरोखरच तेलात उतरत होतं. पण कुठून?

बोल्ट आवळून ती बाहेर आली. पाण्याच्या टाकीत बोट घातलं. बोटाला तपकिरी, बुळबुळीत तवंग लागला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पाणी कधी कमी होतं हो?" तिनं मधवाल्याला विचारलं. "चालताना की उभं राहिल्यावर?"

तो विचारात पडला. "चालताना नाही फारसं. आज घाटात काटा चढला, कारण सकाळी घाईत मी टाकी बघितलीच नव्हती. एरवी संध्याकाळी भरलेली दिसते आणि सकाळी बघावं तर निम्मी."

"धूर? पांढरा धूर येतो मागून?"

"नाही."

तिनं पाणी भरलं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं आणि टाकीच्या तोंडाशी डोळे लावून बसली. हेडखालची, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालची गॅस्केटची पट्टी गेली असती तर सिलिंडरमधली हवा बुडबुड करत वर आली असती. पाणी मात्र शांत होतं. तिनं इंजिन बंद केलं. ती उस्तादांकडे वळली.

"बाबा, मला हेड वाटत नाही. ऑइल कूलर वाटतोय."

मधवाला एकदा सासऱ्यांकडे, एकदा सुनेकडे बघू लागला.

"का?" उस्तादांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"तेल आणि पाणी कूलरमध्ये शेजारी शेजारी फिरतात. मधला पत्रा फाटला असेल तर इंजिन चालू असताना तेलाचा जोर जास्त, म्हणून तेल पाण्यात जाणार. टाकीत तवंग आहे. बंद केलं की तेलाचा जोर संपतो, पण गरम पाण्याचा असतो. मग पाणी तेलात. म्हणून हे सकाळी उठतात तेव्हा टाकी निम्मी."

"आणि सिलिंडरच्या लायनरची रिंग गेली असेल तर? तिथूनही पाणी चेंबरमध्येच पडतं."

"तेच बघायचंय. हेड उतरवायला मी नाही म्हणत नाही. आधी चेंबर खोलून खालून बघू."

"बघ," उस्ताद म्हणाले आणि टायरवर जाऊन बसले. त्यांना ते लागलं होतं हे वहिनीला दिसलं. तरी ती पाना घेऊन पुन्हा ट्रकखाली शिरली.

चेंबर उतरायला दुपार झाली. तिनं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवला आणि पाण्यावर दाब चढवला. पंपाचा काटा वर गेला आणि हळूहळू खाली यायला लागला. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. गळती आतच होती. ती बॅटरीचा उजेड पाडत ट्रकखाली गेली. वर बघितलं तर लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, दांडे, बेअरिंगच्या पट्ट्या, सगळं त्या दुधाळ लगद्यानं माखलेलं. कापडानं पुसलं तरी पुन्हा ओघळ. पाणी कुठलं आणि तेल कुठलं, काही म्हणता काही कळेना. एका लायनरच्या कडेला काहीतरी चमकत होतं. ते पाणी असलं तर तिचं म्हणणं चूक, आणि सगळं इंजिन उघडावं लागणार.

तिनं खालूनच हाक मारली.

"बाबा! मला कळत नाहीये. सगळंच ओलं दिसतंय. तुमचा हात हवाय."

काठी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. कित्येक दिवसांत उस्ताद गाडीखाली गेले नव्हते. गुडघ्यांना शिव्या देत ते पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि मधवाल्यानं त्यांना धरून आत सरकवलं.

"पुसत जा तू. एकेक," ते म्हणाले.

ती एक लायनर स्वच्छ पुसायची आणि त्यांचा हात धरून तिथे लावायची. ते डोळे मिटून घ्यायचे आणि बोट तिथेच ठेवायचे. थांबायचे. मग बोट अंगठ्यावर घासायचे.

"तेल. जुनं. पुढचा दाखव."

पुढचा. तोही तसाच. चमकणाऱ्या लायनरपाशी वहिनीनं श्वास रोखला. उस्तादांनी बोट इतका वेळ ठेवलं, की बाहेर मधवाल्याचा जीव टांगणीला लागला. त्यानं वाकून विचारलं, "काय झालं?"

"श्वास घेऊ दे," उस्ताद म्हणाले. "कोरडा आहे. हे वरून ओघळलेलं तेल."

शेवटचाही कोरडा निघाला. मग मधल्या बेअरिंगजवळ त्यांच्या मनगटावर एक थेंब पडला, आणि पाठोपाठ दुसरा. त्यांनी ते बोटांत चोळले.

"हे पाणी," ते हळू आवाजात म्हणाले. "तेलाच्या वाटेनं येतंय. सिलिंडरच्या वाटेनं नाही." मग बाहेरच्या पायांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ए मधवाल्या, ऐकलंस का? मी चुकलो होतो. हिचं बरोबर आहे. ब्लॉक शाबूत आहे तुझा."

मधवाला खाली बसला तो बसलाच. नंतर तो डोळे पुसताना दिसला. धूळ गेली म्हणाला.

कूलर काढणं मग अवघड नव्हतं. इंजिनाच्या कुशीत बसवलेला जेवणाच्या डब्याएवढा तो तुकडा वहिनीनं बाहेर काढला, त्याची तोंडं बंद केली, हवेची नळी जोडली आणि पाण्याच्या टबात बुडवला. एका सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. मधवाला ती माळ बघतच राहिला. एवढंसं भोक, आणि त्याच्यापायी त्याची झोप उडाली होती!

वहिनीला आनंदानं कधी एकदा नवा कूलर बसवते असं झालं होतं. कूलर येईपर्यंत निदान तळ बंद करावा म्हणून तिनं चेंबर उचललंही. उस्तादांनी तिचा दंड धरला.

"घाई नको. पाणी मिसळलेल्या तेलावर गाडी घाट चढलीय. बेअरिंगांची काय दशा झाली असेल?"

वहिनीनं जीभ चावली. हे तिच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. इंजिनाचे दांडे ज्यांत फिरतात त्या बेअरिंगच्या वाट्या तिनं एकेक काढून दिल्या आणि उस्ताद प्रत्येकीवरून नख फिरवत गेले. बहुतेक गुळगुळीत होत्या. एका जोडीवर नख अडलं. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"हे राहिलं असतं तर रस्त्यात इंजिन आतून ठोके मारायला लागलं असतं," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर दोघं आहोत," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पुढची वाटी मागितली.

नवा कूलर आणि बेअरिंगची जोडी दुसऱ्या दिवशी आली. जोडणी झाल्यावर खरं चिकाटीचं काम सुरू झालं. पाण्याच्या वाटांत तेल बसलेलं होतं आणि तेलाच्या वाटांत पाणी. वहिनीनं रेडिएटर धुतला, इंजिन गरम केलं, पाणी सोडलं, पुन्हा धुतला. तवंग जाईपर्यंत हेच. तेलही साधं घालून थोडं फिरवलं, सोडून दिलं, मग चांगलं घातलं. तोवर मधवाला आपल्या पेट्यांपाशी साखरेचं पाणी ठेवत बसायचा आणि मधूनच येऊन विचारायचा, "आता तरी निवळलं का हो?" शेवटी वहिनीनं तेल मोजायची डिपस्टिकच त्याच्या हातात ठेवली. टोकाला सोनेरी, नितळ तेल होतं. त्यानं ती उन्हात धरली आणि हसला. मधाची पारख असलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारं लागली आणि पेट्या ट्रकवर चढल्या. तो निघताना वहिनीनं दहा सूचना दिल्या: वाटेत थांबाल तेव्हा टाकी बघा, गार झाल्याशिवाय तिचं झाकण उघडू नका, तेलाच्या झाकणाखाली किंचित साय दिसली तर घाबरू नका, वाढली तर लगेच कळवा. उस्ताद शेजारी उभे राहून प्रत्येक सूचनेला मान डोलवत होते.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तेव्हा वहिनी एका ट्रॅक्टरखाली होती. उस्तादांनी उचलला.

"काटा? चढला का घाटात? नाही? शाबास. तेल? थांब, मला नको सांगूस. पेशंट तिचा आहे." त्यांनी वाकून फोन ट्रॅक्टरखाली सरकवला.

वहिनीनं काळ्या हातानं तो कानाशी धरला. "बोला."

"ताई, तेल स्वच्छ आहे, टाकी भरलेली आहे. पेट्या मांडल्या. समोर सगळं रान पिवळं धमक फुललंय."

"आणि माश्या?"

"त्या कशाला थांबतायत? मी दारं उघडली, तशा लागल्या कामाला."

"परतीच्या वाटेवर या," वहिनी म्हणाली. "एकदा तेल बदलून टाकू."

तिनं फोन छातीवर ठेवला, पाना उचलला आणि पुढच्या बोल्टला लावला. वर उस्ताद कुणाला तरी सांगत होते की ब्लॉक फुटला म्हणून सांगितलेलं इंजिन घाट चढून गेलं, आणि ते कुणी ओळखलं तेही.