चालू यंत्राचा मृत्यूचा दाखला

"शी! हे काय करून ठेवलासा?" दयानंदांनी रॅकच्या मागून हात बाहेर काढला. बोटांना कुंकवाचा चिकट राडा लागला होता आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. "मशीन हाय का म्हसोबा हाय?"

"कालची आयुधपूजा, सर," शुभंकर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "फोटो छान आलेत."

शुभंकर पुण्याहून आलेला नवा चीफ इंजिनियर, वय बत्तीस. दयानंद बेळगावकडचे. बंगळूरच्या या न्यूज चॅनेलच्या मशिनरूममध्ये त्यांनी एकवीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर कंत्राटावर तिथेच राहिले. ते कंत्राट महिनाअखेर संपत होतं. वाढवायची सही शुभंकरची होती.

रॅकमध्ये होता तो व्हिडिओ राउटर. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठे जायचं ते तो पाहतो आणि त्याला हुकूम मिळतो शेजारच्या कॉम्प्युटरवरून, नऊ पिनांच्या सिरीयल केबलमधून. सकाळपासून हुकूम जात होते आणि राउटर ढिम्म. बुलेटिन एकाच कॅमेऱ्यावर कसंबसं रेटलं होतं.

"डेड आहे, सर. मी सगळं चेक केलंय."

"काय काय केलासा?"

"रीस्टार्ट केला. दोनदा."

दयानंदांच्या तोंडाशी आलेली शिवी त्यांनी गिळली. केबलचं राउटरकडचं टोक काढून पुसलं, दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि कॉम्प्युटरवर चार अक्षरं टाइप केली. तीच चार अक्षरं जशीच्या तशी परत आली. म्हणजे केबल धडधाकट, कॉम्प्युटरही धडधाकट. राहिला वेग. दोन्ही टोकं एकाच वेगाने बोलली तरच एकमेकांचं कळतं आणि इथला वेग अडतीस हजार चारशे, चौदा वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवलेला. त्यांनी केबल परत राउटरला लावली, कॉम्प्युटरचा वेग, नवा राउटर कारखान्यातून ज्या वेगावर येतो त्या नऊ हजार सहाशेवर आणला आणि पुन्हा विचारलं. राउटरने तत्काळ उत्तर दिलं.

"काल ह्याचा पॉवर बंद केला होतासा?"

"हो. पूजेला मशिनला रेस्ट देतात ना इथे? मीच सांगितलं."

"मी नको म्हणून सांगितलो होतो की! आतली बॅटरी मेलीय ह्याची. पॉवर गेला की सगळं विसरतंय. बॅटरी पाहिजे म्हणून तीनदा लिहून दिलो. कोण वाचतंय?"

शुभंकरने उठून दार लावून घेतलं. "सर, हे वर कळलं तर माझी वाट लागेल. राउटर संपला असा मेल मी ऑलरेडी टाकलाय, नवा अप्रूव्ह होतोय. तुम्ही फक्त या छापलेल्या रिपोर्टवर सही करा. दुरुस्त होण्यासारखा नाही, एवढंच. तुमचं रिन्युअल आजच करतो. पूर्ण वर्षाचं."

बायकोच्या, कावेरीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं होतं, कंपनीच्या विम्यावर. एक सही. कुणाचं काय जाणार होतं? दयानंदांनी कागद ओढला, पेनाचं टोपणही काढलं. मग समोरच्या पडद्यावरचं राउटरचं उत्तर त्यांना दिसलं आणि आपल्या हाताची त्यांना शिसारी आली. जित्या यंत्राला मेलेलं म्हणायला निघाला होता तो. आणि हा समोरचा, नाकातोंडात अत्तराचा वास घालणारा, हसत होता.

त्यांनी छापलेली ओळ खोडली. खाली लिहिलं: राउटर चालू आहे. वीज बंद केल्याने सेटिंग गेलं. बॅटरी बदलावी. आणि सही ठोकली.

"सर, विचार करा जरा."

"केलो की. थू तिच्यायला!"

मग खुर्ची ओढून त्यांनी राउटरचा वेग पुन्हा अडतीस हजार चारशेवर नेला, कॉम्प्युटरचाही. भिंतीवरच्या पडद्यांवर चारही कॅमेरे उमटले. स्टुडिओत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शुभंकर कागदाकडे बघत बसला होता.

बाहेर जिन्यात उभं राहून दयानंदांनी घरी फोन लावला.

"कावेरी, डॉक्टरांना विचार, ऑपरेशन ह्याच महिन्यात होतंय काय."

"अवो, एवढी घाई कशाला?"

"विमा महिनाअखेरपर्यंतच हाय."



"सरी, बरं तर," ती म्हणाली. "डबा खाल्लासा काय?"